बरोबर-चूक ठरवायचं कशावर? नीतिशास्त्रावर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उपयुक्ततावाद, कर्तव्यवाद, सद्गुणनीती अशी नावं वाचनात येतात. पण खोटं बोलू नये, कुणाला लुबाडू नये हे तर सगळेच सांगतात. मग यांच्यात फरक नेमका कुठे पडतो?

उत्तर : निकाल बऱ्याचदा एकच लागतो, हे खरं आहे. फरक पडतो तो कोणता पुरावा ग्राह्य धरायचा यात. एक प्रकरण घेऊ. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दोन तंत्रज्ञ आहेत. पहिल्याच्या हातून दोन रुग्णांच्या नमुन्यांची लेबलं अदलाबदल झाली. योगायोगाने दोघांचेही आकडे नॉर्मल निघाले, रिपोर्ट गेले, कुणाचं काही बिघडलं नाही. दुसऱ्याच्या हे लक्षात आलं. पहिला म्हणतो, 'वर सांगू नकोस, माझी नोकरी जाईल.' दुसऱ्याने काय करावं?

उपयुक्ततावादी, म्हणजे कृतीचे परिणाम किती सुखाचे आणि किती दुःखाचे यावर बरोबर-चूक ठरवणारा, आधी हिशेब मांडतो. या दोन रुग्णांचं नुकसान शून्य, पण ती हिशेबातली एकच ओळ झाली. लेबल लावण्याची पद्धतच सदोष असेल तर अशी चूक पुन्हा होण्याची शक्यता किती, आणि तेव्हा चुकीच्या माणसावर उपचार झाले तर काय? दुसऱ्या बाजूला नोकरी, कुटुंब, प्रयोगशाळेतलं वातावरण. बेरीज-वजाबाकी करून तो बहुधा 'सांग' म्हणेल.

कर्तव्यवादी, म्हणजे परिणामांपेक्षा कर्तव्याला मान देणाऱ्या जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या वाटेने जाणारा, त्या शून्य नुकसानाकडे बघतसुद्धा नाही. रुग्ण रिपोर्टवर विसंबून आहेत आणि त्यांना विचारलं असतं तर त्यांनी या लपवाछपवीला संमती दिली नसती, एवढं त्याला पुरतं. टी. एम. स्कॅनलन यांनी 1998 मध्ये मांडलेला करारवाद जवळपास तिथेच पोचतो, पण प्रश्न वेगळा विचारतो : ज्या नियमाला कुणीही वाजवी कारणाने नकार देऊ शकणार नाही, असा नियम कोणता? 'निरुपद्रवी ठरलेली चूक दडवावी' या नियमाला रुग्ण नकार देणारच.

सद्गुणनीतीवाला, म्हणजे चांगल्या स्वभावाचा माणूस काय करेल हे विचारणारा, 'सांगावं की नाही' यापेक्षा 'कसं सांगावं' यावर जास्त वेळ घालवतो. धावत साहेबांकडे जाणं आणि तोंड शिवून बसणं, दोन्ही त्याला खटकतं. आधी सहकाऱ्याला गाठून 'आज संध्याकाळपर्यंत तू स्वतः सांग, मी सोबत येतो' म्हणणं, यात त्याला धैर्य, न्यायबुद्धी आणि माया एकत्र दिसते.

आता एकच तपशील बदला. समजा, त्या प्रयोगशाळेत चूक कबूल करणाऱ्याला ताबडतोब काढून टाकतात आणि त्यामुळे उरलेले सगळे चुका दडवायला शिकले आहेत. उपयुक्ततावाद्याचं गणित डळमळतं, कारण सांगितल्याने दडवादडवी वाढेल. कांटवाला जागचा हलत नाही. सद्गुणनीतीत उत्तर तेच राहतं, पद्धत बदलते. नीतिपद्धतींची तुलना करायची तर हा प्रयोग करावा : एक तपशील बदलायचा आणि कुणाचं उत्तर हललं ते पाहायचं. ज्या तपशिलाने उत्तर हलतं, त्यावर ती पद्धत उभी असते. तुलनेच्या तक्त्यांमध्ये हे कळत नाही. तिथे सगळ्या पद्धती शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदत असतात.

प्रश्न : 'सगळ्यांनीच असं केलं तर?' हीच कांटची कसोटी ना? मग सगळ्यांनीच डॉक्टर व्हायचं ठरवलं तर शेती कोण करणार? म्हणजे डॉक्टर होणं अनैतिक?

उत्तर : कसोटी तीच, पण वापरताना दोन पायऱ्या गाळल्या गेल्या. कांटने 1785 मध्ये ती मांडली तेव्हा तपासायची गोष्ट म्हणून कृती घेतली नव्हती; कृतीमागचं सूत्र घेतलं होतं. म्हणून पहिली पायरी म्हणजे सूत्र प्रामाणिकपणे लिहून काढणं : 'अमुक परिस्थितीत, अमुक हेतूसाठी, मी अमुक करीन.' डॉक्टर होणाऱ्याचं सूत्र 'काहीही झालं तरी डॉक्टरच व्हायचं' असं सहसा नसतं. ते असतं, 'माझा कल आणि लोकांची गरज पाहून व्यवसाय निवडीन.' हे सगळ्यांनी केलं तर काहीच मोडत नाही.

दुसरी पायरी : हे सूत्र जणू निसर्गनियम झालं आहे आणि सगळे त्यानेच चालतात, असं जग कल्पायचं. तिसरी : त्या जगात माझी कृती मुळात शक्य आहे का, हे पाहायचं. कांटचं स्वतःचं उदाहरण कर्जाचं आहे. परत करण्याचा इरादा नसताना 'परत करतो' म्हणून पैसे घ्यायचे. हे सर्वांचं सूत्र झालं तर 'परत करतो' या शब्दांवर कुणी विश्वासच ठेवणार नाही, आणि फसवणूकही जमणार नाही. सूत्र स्वतःलाच खाऊन टाकतं. इथे थांबायचं, कृती वर्ज्य.

इथे विसंगती सापडली नाही तर चौथी पायरी : असं जग मला एक विवेकी माणूस म्हणून हवंसं वाटू शकतं का? 'अडलेल्याला कधीच मदत करणार नाही' हे सूत्र सार्वत्रिक झालं तरी जग चालेल, पण मलाही कधीतरी मदत लागणारच, म्हणून ते हवंसं वाटणं शक्य नाही. पहिल्या प्रकारच्या विसंगतीतून कडक मनाई निघते, दुसरीतून सैल कर्तव्य : मदत करायची हे नक्की, पण कुणाला, केव्हा, किती, यात मोकळीक.

चुकतं कुठे? सर्वांत जास्त चूक होते ती इथे : 'सगळे खोटं बोलू लागले तर समाज रसातळाला जाईल' असा युक्तिवाद करून लोक त्याला कांटचं नाव देतात. तो परिणामांचा हिशेब झाला. कांटचा मुद्दा असा की त्या जगात खोटं बोलून फसवणं जमणारच नाही. दुसरी चूक लबाडीची. सूत्रात इतके तपशील कोंबायचे की ते फक्त आपल्यालाच लागू पडेल : 'मंगळवारी दुपारी 3 वाजता, निळा सदरा घातलेला असताना खोटं बोलेन.' त्यावर उपाय सोपा आहे. सदरा पांढरा असता तर बेत रद्द केला असता का? नसता केला, तर सदरा सूत्रात येत नाही.

प्रश्न : उपयुक्ततावादात सुखाची बेरीज खरोखर करतात का? कशी?

उत्तर : उपयुक्ततावादाचा प्रणेता बेंथमने 1789 मध्ये सात निकष दिले : सुखाची तीव्रता, कालावधी, खात्री, ते किती लवकर मिळणार, त्यातून आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांपर्यंत पोचतं. सातही निकषांसाठी एकच एकक त्याला देता आलं नाही. आजचे लोक म्हणून एखादं कामचलाऊ एकक घेतात. उदाहरणार्थ, निरोगी आयुष्याची वर्षं.

दोन योजना आहेत आणि पैसा एकीपुरताच. पहिलीत 200 जणांना प्रत्येकी 1 निरोगी वर्ष मिळतं, यशाची शक्यता 90 टक्के : 200 गुणिले 0.9, म्हणजे 180 वर्षं. दुसरीत 10 जणांना प्रत्येकी 30 वर्षं, शक्यता 70 टक्के : 300 गुणिले 0.7, म्हणजे 210. दुसरी जिंकली. पण काम इथे संपत नाही. निकाल कुठे उलटतो हेही काढायचं : 180 भागिले 300, म्हणजे 60 टक्के. दुसऱ्या योजनेच्या यशाची शक्यता त्याच्या खाली गेली की पहिली पुढे जाते. आपला 70 टक्क्यांचा अंदाज 10-12 टक्क्यांनी चुकू शकत असेल, तर 210 हा आकडा छातीठोकपणे सांगण्याच्या लायकीचा नाही. उपयुक्ततावाद वापरणारे बहुतेक जण नेमकी हीच पायरी सोडतात आणि मग दोष सिद्धान्ताला लागतो.

खरा दोष वेगळा आहे. ते 10 जण आधीच सुखवस्तू असले आणि 200 जण हलाखीत असले, तरी बेरजेला पत्ता लागत नाही. न्यायाचे तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये ठेवलेला ठपका हाच : ही पद्धत माणसामाणसांतलं वेगळेपण पुसते, जणू एकाच माणसाने आज कळ सोसून उद्या सुख मिळवावं. यावर दुरुस्त्या आहेत. हलाखीतल्या माणसाच्या वर्षाला जास्त वजन देता येतं, पण किती जास्त, हे बेरजेतून निघत नाही. ते बाहेरून आणावं लागतं.

रोजच्या जगण्यात दर वेळी असा हिशेब मांडायचा का? उपयुक्ततावादी जॉन स्टुअर्ट मिलचं 1861 मधलं उत्तर अजून पुरेसं आहे : खलाशी समुद्रावर बसून पंचांगाचं गणित करत नाहीत, तयार पंचांग घेऊन निघतात. 'वचन पाळ', 'चोरी करू नकोस' हे नियम म्हणजे ते तयार गणित. दोन नियमांची टक्कर झाली की पुन्हा मुळाकडे जायचं.

प्रश्न : जीव वाचवण्यासाठी खोटं बोललं तर ते चूक की बरोबर? कांट म्हणे तिथेही नाही म्हणाला?

उत्तर : म्हणाला. 1797 मध्ये बेंजामिन कॉन्स्टंट यांच्या आक्षेपाला उत्तर देताना त्याने लिहिलं की घरात लपलेल्या मित्राच्या मागावर खुनी आला आणि त्याने विचारलं, तरी खोटं बोलण्याचा हक्क मिळत नाही. त्याचा युक्तिवाद लोक समजतात तितका बावळट नाही. तुम्ही 'तो घरात नाही' म्हणालात आणि मित्र तेवढ्यात मागच्या दाराने निसटून रस्त्यावर खुन्याच्याच हाती लागला, तर तुमच्या खोट्याने जे घडलं त्याची जबाबदारी तुमची. तरीही बहुतेक कांटवाद्यांना हा निष्कर्ष पचत नाही. क्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी 1986 मध्ये दाखवलं की सार्वत्रिकतेच्या ('सगळ्यांनीच असं केलं तर?') कसोटीवर हे खोटं टिकू शकतं : खुनी स्वतःची ओळख लपवून विचारतो आहे, त्याला वाटतं तुम्हाला काही माहीत नाही, म्हणून सगळे असंच खोटं बोलले तरी ते त्याच्यावर चालेल.

महाभारतातल्या कर्णपर्वात हाच पेच कौशिकाच्या गोष्टीत आहे आणि निकाल उलटा आहे. सत्यव्रती कौशिकाने दरोडेखोरांना, माणसं कुठे लपली ते खरं खरं सांगितलं. ती मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. कृष्ण ही गोष्ट सांगतो ती अर्जुनाला. 'गांडीव दुसऱ्याला दे' म्हणेल त्याला मारीन, या प्रतिज्ञेपायी तो युधिष्ठिरावरच तलवार उपसून उभा असतो. प्रतिज्ञा मोडायची नाही आणि भाऊही मारायचा नाही, म्हणून कृष्ण तोड काढतो : थोरल्याला 'तू' म्हणून अपमान कर, तो वधासारखाच. नियमाचं अक्षर सांभाळून हेतू वाचवणाऱ्या पळवाटांचा हा अस्सल नमुना.

प्रत्यक्षात सर्वांत कामाची वाटते ती डब्ल्यू. डी. रॉस यांची 1930 मधली मांडणी. त्यांनी सात प्रथमदर्शनी कर्तव्यं (दुसरं जास्त वजनाचं कर्तव्य आड आलं नाही तर पाळायची) मांडली : वचन आणि सचोटी, केलेल्या अन्यायाची भरपाई, कृतज्ञता, न्याय, परोपकार, आत्मसुधारणा, आणि इजा न करणं. यांत कायमची उतरंड नाही. समोरच्या प्रसंगात कोणती लागू आहेत ते लिहायचं, वजन करायचं, आणि हरलेलं कर्तव्यही पुसायचं नाही. मित्राला भेटायला निघालात आणि वाटेत अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेलंत, तर निर्णय बरोबरच होता; तरी मित्राला झालेल्या खोळंब्याची भरपाई करणं तुमच्यावर उरतं. वजन कसं करायचं याचं सूत्र रॉस देत नाहीत, ही त्यांच्यावरची टीका रास्त आहे.

प्रश्न : 'सद्गुणी माणूस जे करेल ते योग्य' ही व्याख्या गोल गोल फिरत नाही का? आणि सुवर्णमध्य म्हणजे दोन्हींच्या अधेमधे राहणं ना?

उत्तर : व्याख्या एवढ्यावरच थांबली तर गोल फिरते. रोझलिंड हर्स्टहाउस यांनी 1999 मध्ये ती तोडली ती अशी : सद्गुण म्हणजे माणसाचं आयुष्य माणूस म्हणून फुलायला लागणारे स्वभावविशेष, आणि प्रत्येक सद्गुण-दुर्गुणातून एक साधा नियम निघतो. प्रामाणिक वाग, क्रूरपणा करू नकोस. म्हणजे आदर्श माणूस शोधत बसावं लागत नाही.

सुवर्णमध्याचा अर्थ मात्र मधला आकडा नव्हे. ॲरिस्टॉटलचं उदाहरण आहे : 10 मिना (ग्रीक वजनाचं माप) अन्न जास्त आणि 2 कमी, म्हणून मल्लांच्या शिक्षकाने सर्वांना 6 वाढावं असं होत नाही. मायलो या नामांकित कुस्तीगिराला ते कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. तसंच रागाचं. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तितकाच. ती मात्रा कधीकधी टोकालाही असते. अन्याय समोर घडत असताना मध्यम चिडणं हा मध्य नाही. शिवाय काही कृत्यांना मध्य नसतोच, हे त्याने बजावलं आहे : व्यभिचार, चोरी, खून. 'बेताची चोरी' असं काही नसतं.

प्रश्न : रूळ बदलून पाचांना वाचवायचं आणि एकाला मारायचं, या कोड्याचा उपयोग काय? असं कधी घडतं?

उत्तर : घडत नाही, आणि घडायची गरजही नाही. ते तपशील बदलून पाहण्याचं साधन आहे. फिलिपा फूट यांनी 1967 मध्ये सुटलेल्या ट्रामचं उदाहरण दिलं. पुढे जुडिथ जार्विस थॉमसन यांनी त्यात पुलावरचा धिप्पाड माणूस आणला, ज्याला ढकललं तर गाडी थांबेल. दोन्हींकडे पाचांच्या बदल्यात एक. बेरीज तीच, तरी बहुतेकांना रूळ बदलणं चालतं आणि ढकलणं चालत नाही.

यामागचं जुनं तत्त्व दुहेरी परिणामाचं. मूळ ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या स्वसंरक्षणावरच्या विवेचनात, पुढे चार अटींमध्ये बांधलेलं : कृती स्वतः वाईट नसावी, हेतू फक्त चांगल्या परिणामाचा असावा, वाईट परिणाम हे चांगल्याचं साधन नसावं, आणि चांगलं वाईटाच्या तोडीचं असावं. मरणासन्न रुग्णाच्या वेदना थांबवण्यासाठी जास्त मात्रेचं औषध द्यायचं की नाही, ही चर्चा याच अटींवर चालते.

दुसऱ्या अटीत फसवाफसवी होते. काम उरकल्यावर हेतू गोड करून सांगता येतो. म्हणून तिसरी अट अशी तपासायची : वाईट परिणाम घडलाच नसता, तर बेत फसला असता का? रुळावरचा तो एकटा उडी मारून वाचला, तर बेत फसत नाही, उलट हायसं वाटतं. पुलावरचा माणूस रुळाबाहेर पडून वाचला, तर गाडी थांबत नाही. बेताला त्याचं शरीर हवंच होतं.

प्रश्न : बुद्ध, जैन विचार आणि गीता यांना या खणांत कुठे बसवायचं?

उत्तर : जबरदस्तीने बसवू नये. तपशील बदलून पाहावं. नीट पाहून चालणाऱ्याच्या पायाखाली जीव मेला. बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली काहीच मेलं नाही. हिंसा कुणाची? जैन उत्तर स्पष्ट आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच 'प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा', म्हणजे बेसावधपणे प्राण हिरावणं ती हिंसा, अशी, आणि कुंदकुंदांचं प्रवचनसार त्याहून पुढे जाऊन सांगतं की जीव मरो वा जगो, अयत्नाने वागणाऱ्याला हिंसा निश्चित आहे. परिणामांवरूनच बरोबर-चूक ठरवणारा परिणामवाद याच्या विरुद्ध टोकाला उभा आहे.

बौद्ध परंपरेत 'चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि', म्हणजे चेतना (मनातला हेतू) हेच कर्म. पण म्हणून फळ अजिबात मोजत नाहीत असं नाही. थेरवादी पंथाच्या अट्ठकथांमध्ये (टीकाग्रंथांमध्ये) प्राणिहत्या पूर्ण ठरायला पाच अंगं लागतात : जीव असणं, तो जिवंत आहे याची जाणीव, मारण्याची चेतना, प्रयत्न, आणि त्यामुळे आलेला मृत्यू. पाचवं अंग परिणामच आहे.

गीतेतलं 'मा फलेषु' वाचून तिला कांटच्या शेजारी बसवण्याचा मोह होतो. टिळकांनी 1915 च्या गीतारहस्यात सुखवाद नाकारून कर्त्याची बुद्धी ही कसोटी धरली आणि त्या मुद्द्यापुरतं कांटला जवळ केलं. पण तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रह विसरता येत नाही. लोकांचं काय होईल याकडे पाहून ज्ञान्याने कर्म करावं, असं गीता सांगते. फळावरची आसक्ती सोडायची आहे, फळाचा विचार नव्हे.

प्रश्न : इतके मतभेद आहेत, म्हणजे सगळं सापेक्षच ना?

उत्तर : मतभेद असणं ही वस्तुस्थिती झाली; त्यावरून 'बरोबर काहीच नाही' हे निघत नाही. शिवाय 'सगळं सापेक्ष, म्हणून सर्वांनी एकमेकांना सहन करावं' म्हणणारा शेवटी एक निरपेक्ष नियम सांगतोच.

प्रश्न : घरच्याच माणसाने गुन्हा केला तर नीतिशास्त्र काय सांगतं? लपवावं का?

उत्तर : या प्रश्नावर दोन जुने ग्रंथ समोरासमोर ठेवण्यासारखे आहेत. कन्फ्यूशियसला कुणी सांगितलं की आमच्याकडचा सरळ माणूस बापाने मेंढी चोरली तर त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. तो म्हणाला, आमच्याकडे बाप मुलाला झाकतो, मुलगा बापाला झाकतो, सरळपणा त्यातच आहे. प्लेटोच्या युथिफ्रो संवादात मुलगा बापावर खुनाचा खटला भरायला निघाला आहे. बापाने एका मजुराला बांधून खंदकात टाकलं आणि तो तिथेच मेला. इथे सॉक्रेटिस चकित होतो, पण मुलगा म्हणतो : मेलेला आपला की परका याने फरक का पडावा?

मेंढी आणि मजूर यांची अदलाबदल करून पाहा. बापाने मेंढीऐवजी माणसाचा जीव घेतला असता, तर झाकणं तितकं सरळ वाटतं का? कॅरल गिलिगन (1982) आणि नेल नॉडिंग्ज (1984) यांच्यापासून आलेली काळजीची नीती नात्याला पुरावा म्हणून मान्यता देते, पण तिचा कमकुवत दुवा इथेच आहे : जो दिसत नाही, ज्याच्याशी नातं नाही, तो हिशेबातून गळतो. त्यामुळे आधी प्रश्नाचे तुकडे करावेत. स्वतःहून तक्रार न करणं, विचारल्यावर गप्प बसणं, खोटी साक्ष देणं, पुरावा नष्ट करणं, या चार वेगळ्या कृती आहेत. नात्याचं वजन पहिल्या दोहोंना बऱ्याचदा पुरतं, विशेषतः नुकसान भरून देता येण्यासारखं असेल तर. तिसरी आणि चौथी कृती मेंढीच्या मालकाविरुद्ध नव्याने केलेला अन्याय आहे, आणि आणखी कुणाला धोका असेल तर पहिल्या दोहोंचाही आधार सुटतो.